पुण्याच्या पेठांत शिकायला येताय? खोलीच्या आधी मेस बघा

दर जूनमध्ये मराठवाड्यातल्या आमच्या सेलूहून कुणाचा ना कुणाचा फोन येतो. "ताई, पोरगं पुण्याला येतंय, एखादी खोली बघून ठेवा." खोली मिळते. सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रोडच्या आतल्या गल्ल्यांत कॉटबेसिसच्या (खोलीतली एक खाट भाड्याने) पाट्या जागोजागी लागलेल्या असतात. जेवणाचं काय, हे मात्र एकही आईबाप विचारत नाहीत. "तिथं काय, पाऊलापाऊलावर हॉटेलं आहेत," असं म्हणतात. ऑगस्टमध्ये तेच पोरगं भेटतं तेव्हा गालफडं बसलेली असतात आणि खिशात ॲसिडिटीच्या गोळ्या असतात.

मी २०१० मध्ये अशीच आले. आधी पदवी, मग स्पर्धा परीक्षा, अशी सहा वर्षं पेठेत राहिले आणि त्यातली साडेपाच वर्षं मेसमध्ये जेवले. नंतर नोकरीही इथेच लागली. यंदा माझा सख्खा भाचा येतोय, म्हणून एवढ्या वर्षांत तोंडी सांगत आलेलं सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. त्याच्यासारख्या इतरांच्याही उपयोगी पडेल.

पहिला आठवडा: पैसे भरू नका

पहिल्या दिवशीच महिन्याचे पैसे भरणं, ही सगळ्यांत जास्त मुलं करतात ती चूक. बाप सोबत असतो, त्याला संध्याकाळच्या गाडीने परत जायचं असतं, पोराची सोय लावून जावं असं त्याला वाटतं आणि खोलीखालच्याच मेसमध्ये तीन हजार रुपये भरले जातात. तसं करू नका. आठवडाभर सुट्या ताटाने जेवा. ताटामागे थोडे जास्त पडतील, पण त्या आठवड्यात चार मेस बघून होतात.

बघायचं काय, ते सांगते. पहिल्या दिवसाचं जेवण कुठेही बरंच लागतं, भूक असते. म्हणून एकाच मेसमध्ये दोनदा जा: एकदा वेळ सुरू होताना आणि एकदा बंद व्हायच्या वीस मिनिटं आधी. शेवटी येणाऱ्याला काय वाढतात, त्यावरून मेस कळते. भाजी संपली म्हणून कालच्या डाळीत पाणी घालणारे असतात, आणि "दोन मिनिटं थांब" म्हणून बेसन ढवळून देणारेही असतात. शेवटच्या वेळच्या पोळ्याही बघा. डब्यात रचून ठेवलेल्या पोळ्या वातड झाल्या असतील तर रोज क्लास सुटल्यावर तुमच्या वाट्याला त्याच येणार आहेत.

मग हात धुवायला जाल तेव्हा खरकट्याची बादली बघा. मला हे मेसमध्ये तीन वर्षं काढलेल्या एका सीनियर मुलीने शिकवलं होतं आणि आजवर ही खूण चुकलेली नाही. बादलीत अर्ध्या-अर्ध्या पोळ्या आणि भाजीचे ढीग दिसले, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, मुलं तिथे नाइलाजाने जेवतात. बादलीत मिरच्यांचे तुकडे, कढीपत्ता, शेवग्याचा चोथा एवढंच असेल तर बसा.

तिसरी गोष्ट, घरातली माणसं काय खातात. पेठेतल्या पुष्कळ मेस घरगुती आहेत. पुढच्या खोलीत बाकं, मागे स्वयंपाकघर. काकूंची मुलं त्याच पातेल्यातलं जेवत असतील तर तेल आणि खायचा सोडा आपोआप बेतात राहतो. उसळ लवकर शिजावी म्हणून भसाभस सोडा घातला की पोट दुपारभर फुगून राहतं आणि अभ्यासिकेत बसवत नाही. दोन दिवस उसळ खाल्ल्यावर तसं झालं तर ती मेस सोडा.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी स्पष्ट विचारून घ्या, लाजू नका. खाड्याचा नियम काय? खाडा म्हणजे जेवायला न आल्याचा दिवस. काही ठिकाणी आदल्या रात्री सांगितलं तरच खाडा धरतात, काही ठिकाणी सलग तीन दिवसांचाच धरतात, काही धरतच नाहीत. तुम्ही महिन्यातून एकदा गावी जाणार असाल तर याच नियमावर तीन-चारशे रुपये मागेपुढे होतात. रविवारी काय? बहुतेक मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असते, म्हणजे पुऱ्या, मसालेभात, गुलाबजाम किंवा श्रीखंड, आणि रात्री मेस बंद. दिवाळीत किती दिवस बंद? आणि पाहुण्याचं ताट कितीला? कार्डावर तारीख आणि भरलेली रक्कम लिहून घ्या.

भाजी-पोळी आवडली, पण मेस खोलीपासून पंचवीस मिनिटांवर आहे, असं असेल तर घेऊ नका. जुलैत धो-धो पाऊस लागला की तुम्ही जाणार नाही. मुलींसाठी तर हे जास्तच खरं आहे. रात्री साडेनऊला क्लास सुटल्यावर लांबच्या गल्लीतून एकटीने परतायचं असेल तर हळूहळू रात्रीचं जेवणच सुटतं. माझं पहिल्या वर्षी तेच झालं होतं.

एका वेळची मेस स्वस्त पडत नाही

पैसे वाचवायचे म्हणून मुलं एका वेळची मेस लावतात. हिशेब मांडून बघा. दोन वेळची मेस साधारण तीन हजार, एका वेळची सतराशे. वाचले १३०० रुपये. महिन्याच्या सव्वीस दिवसांवर वाटले तर दिवसाला पन्नास. या पन्नास रुपयांत पेठेत रात्री काय मिळतं? दोन वडापाव आणि एक चहा. पोट भरत नाही, म्हणून अकरा वाजता भुर्जीच्या गाडीवर जाता, तिथे आणखी साठ-सत्तर जातात. दोन्ही वेळची मेस लावणारा मुलगा महिन्याच्या शेवटी कमी खर्चात असतो आणि जेवलेलाही असतो.

खरोखरच पैशाची ओढ असेल तर उपाशी राहण्याआधी दोन दारं ठोठावा. परगावच्या गरीब मुलांनी पुण्यात जेवायचं कुठे, हा प्रश्न जुना आहे. पूर्वी मुलं वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणी झोळी घेऊन माधुकरी मागत. अशा मुलांसाठीच १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह उभं राहिलं. १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली. खेड्यातल्या मुलामुलींसाठी समितीची वसतिगृहं आहेत, जेवण तिथेच असतं आणि मुलं आळीपाळीने काम करतात. कॉलेजचा प्रवेश होतोय तेव्हाच तिथे अर्ज करा, नंतर जागा उरत नाहीत. दुसरं दार म्हणजे कॉलेजातली 'कमवा आणि शिका' योजना. माझ्या खोलीतली एक मुलगी ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम करून मेसचे पूर्ण पैसे काढायची.

आणि घरून पैसे यायला उशीर होणार असेल तर काकूंना आधी सांगा. पाच तारखेला तोंड चुकवून जेवण बंद करणारी मुलं मी पाहिली आहेत. कापसाचे पैसे अडकले की मराठवाड्यातून पैसे येत नाहीत, हे पेठेतल्या मेसवाल्यांना पाठ आहे. बहुतेक जण थांबतात.

पाणी

यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण माझं एक वर्ष त्यात गेलं. २०१२ च्या पावसाळ्यात मी एका मेसमध्ये जेवत होते. जेवण चांगलं होतं. पाणी निळ्या ड्रममध्ये भरलेलं असायचं, त्यात स्टीलचा जग बुडवून पेले भरायचे. जग बुडवताना वाढणाऱ्याची बोटं पाण्यात जायची. मी ते रोज बघत होते आणि रोज पीत होते. ऑगस्टमध्ये कावीळ झाली. दीड महिना सेलूला पडून होते, परीक्षा हुकली.

तेव्हापासून मी भरलेली बाटली सोबत ठेवते. मेसमध्ये फिल्टर असेल तर त्याची तोटी कुठे आहे, त्याखाली पाणी साचून शेवाळ आहे का, ते बघा. ताकात आणि सरबतात घातलेला बर्फ नको. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) साथ आली, दोनशेच्या वर संशयित रुग्ण झाले आणि बोट पाण्याकडेच गेलं. पावसाळ्यात पाणीपुरीची गाडी, कापून ठेवलेली फळं आणि उघडी चटणी टाळा. तळलेलं, उकळलेलं, समोर कढईतून निघालेलं खा. फळं हवीत तर आख्खी घ्या. मंडईत जा, केळी आणि पेरू गल्लीतल्या गाडीपेक्षा स्वस्त पडतात.

इथल्या आमटीत गूळ असतो

आपल्याकडून येणाऱ्या मुलांची पहिली तक्रार हीच असते. गूळ, आमसूल आणि गोडा मसाला घातलेली आमटी इथली घरची चव आहे. काकू काही चुकीचं करत नाहीत. महिनाभराने ती आवडू लागते, मला आता तिच्याशिवाय भात जात नाही. तोवर घरून शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळाची चटणी आणा. कोरड्या चटण्या महिनाभर टिकतात. ओला ठेचा आणू नका, चौथ्या दिवशी आंबतो.

भाकरीची मात्र खरी अडचण होते. बऱ्याच मेसमध्ये दुपारी पोळीच असते. "ज्वारी-बाजरीची भाकरी मिळेल" अशी पाटी असलेल्या मेस शास्त्री रोडच्या बाजूला आणि नवी पेठेत सापडतात, पण रात्री आठच्या आत जावं लागतं. नंतर भाकरी संपते.

नाश्त्याकडे दुर्लक्ष करू नका. अभ्यासिकांच्या बाहेर सकाळी सातपासून पोहे आणि उपीट मिळतं. पोहे गरम पातेल्यातून वाढलेले असतील तर घ्या, प्लेटा आधीच भरून ठेवल्या असतील तर पुढच्या गाडीवर जा. रोज नुसत्या पोह्यांवर राहिलात तर अकराला पुन्हा भूक लागते. सोबत दोन उकडलेली अंडी, किंवा अंडी चालत नसतील तर रात्री भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे, एवढं करा.

चहाचंही सांगते. पेठेतली अमृततुल्यं ही पुण्याची स्वतःची गोष्ट आहे. पितळी पातेल्यात दूध, पाणी, साखर, पत्ती एकत्र उकळते, वेलची-आलं तिथेच कुटून पडतं. जुन्या दुकानांची नावं बहुतेक देवांची, चालवणारी कुटुंबं मूळची राजस्थानातली. तो चहा प्यायलाच हवा. पण अभ्यासिकेतली मुलं दर तासाला उठून तो पितात, दिवसाला सहा-सात, बहुतेक रिकाम्या पोटी. गोड चहाने भूक मरते आणि मेसची वेळ निघून जाते. दिवसाला तीन कपांच्या पुढे जाऊ नका.

बाहेर खायचं तर कशासाठी, ते ठरवून

रविवारी रात्री मेस बंद असते. महिन्यातून चार रात्री बाहेरच्या, एवढ्याच ठेवा आणि त्या वाया घालवू नका.

मिसळ रात्रीची नाही, सकाळची. नारायण पेठेत बेडेकरांकडे रस्सा किंचित गोडसर असतो आणि सोबत स्लाइस ब्रेड येतो. आपल्याकडची मुलं पहिल्या घासाला नाक मुरडतात. तिखट हवं तर टिळक रोडवर रामनाथ आहे, तिथली तर्री डोळ्यांत पाणी आणते. कर्वे रोडच्या बाजूला एरंडवण्यात काटाकिर्र आहे, तिथे दुपार व्हायच्या आत पोचायचं. मला स्वतःला बेडेकरांची आवडते, तिला पाच-सहा वर्षं द्यावी लागतात. पेपरच्या दिवशी सकाळी मात्र यातली कुठलीच खाऊ नका.

बटाटेवडा खायचा असेल तर केळकर रस्त्यावरच्या प्रभा विश्रांती गृहात जा. वेळ सांभाळून जा, जुनी पुणेरी दुकानं दुपारची मिटतात. कॅम्पात कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं घ्यायची असतील तरी हेच लक्षात ठेवा, नाहीतर बसचं तिकीट फुकट जातं.

वैशाली हॉटेलात सगळ्यांनाच जायचं असतं, आणि जावंही. फर्ग्युसन रस्ता, मागचं अंगण, एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी), फिल्टर कॉफी, हे पुण्याच्या कॉलेजजीवनातलं आहेच. फक्त रविवारी दहा वाजता जाऊन पाऊण तास उभे राहू नका. मधल्या वारी सकाळी सात-साडेसातला जा. नवी पेठेतून अलका चौक, लकडी पूल, डेक्कन असं चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात, भूकही लागते. वाटेत गुडलक लागतं, १९३५ पासूनचं इराणी हॉटेल. बनमस्का आणि चहा यांत तास-दीड तास गप्पा होतात. मांसाहार करणाऱ्यांनी तिथला खिमा-पाव खावा.

मटण-चिकनसाठी सदाशिव पेठेत आवारे मराठा खाणावळ आहे. टिळक रोडवर एसपी कॉलेजसमोर एसपीजची बिर्याणी मिळते. दोघी-तिघींनी मिळून जा आणि वाटून घ्या. एप्रिल-मेच्या उकाड्यात निंबाळकर तालीम चौकात सुजाताची आंबा मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेलं घट्ट दूध, प्या. जेवल्यावर पिऊ नका, ती स्वतःच जेवणाएवढी असते.

थाळी खायची तर टिळक रोडवरचं बादशाही. १९३२ पासूनचं बोर्डिंग आहे. नाव सांगून आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, मग पानात वाढायला लागले की हात आडवा करेपर्यंत वाढत राहतात. लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस १९३५ चं, मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी सुरू केलेलं. उपासाच्या पदार्थांसाठी आणि जुन्या मराठी चवीसाठी तिथे जा. कुठेही जा, पण रविवारी रात्री थाळी चालूच असेल असं धरून चालू नका, आधी फोन करा.

गणपतीत पेठेत राहणाऱ्यांनी एक तयारी करायची. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, टिळक रोड, अलका चौक सगळं मिरवणुकीने भरतं, ते दुसऱ्या दिवसापर्यंत. मेस कधी उघडेल याचा नेम नसतो. आदल्या दिवशी केळी, ब्रेड, दूध, शेंगदाणे खोलीत आणून ठेवा, मग मिरवणूक निवांत बघा.

वाढणाऱ्या मावशींशी बोला

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मेसमध्ये वाढणाऱ्या बाई असतात, त्यांचं नाव विचारून घ्या. मुली तर "आणखी पोळी वाढा" म्हणायलाच लाजतात. अनलिमिटेडचे पैसे भरून दोन पोळ्यांवर उठतात. पहिले सहा महिने मीही तशीच उठायचे. मग एकदा ताप होता, ताट तसंच टाकून उठले, तर आमच्या मावशींनी दुसऱ्या दिवशी न विचारता मऊ भात आणि मेतकूट पुढे ठेवलं. त्यांना आमची सगळ्यांची ताटं पाठ होती. कोण काय टाकतं, कोण दोन दिवस आलं नाही, कोण हल्ली कमी जेवतं. घरापासून साडेतीनशे किलोमीटरवर तुमच्या ताटाकडे लक्ष असलेलं एक तरी माणूस हवं. हॉटेल रोज बदलणाऱ्याला ते मिळत नाही.

आईवडील भेटायला येतात तेव्हा मुलं त्यांना सरळ फर्ग्युसन रस्त्यावर नेतात. न्या, पण संध्याकाळी. दुपारी पाहुण्याचं ताट सांगून आपल्या मेसमध्ये बसवा. काविळीनंतर मी मेस बदलली, तेव्हा माझे वडील मुद्दाम आले होते. त्यांनी पाण्याचा फिल्टर बघितला, बाकावर बसून तीन पोळ्या खाल्ल्या, आमटी गोड आहे असं मला हळूच म्हणाले, आणि उठताना काकूंना विचारलं, "भाकरी का नाही करत?" काकू म्हणाल्या, "इथली ज्वारी तुमच्यासारखी नसते हो. पीठ विरी जातं, भाकरी थापताना तुटते."

पुढच्या खेपेला ते शाळू ज्वारीचं दहा किलोचं पोतं घेऊन आले. त्या हिवाळ्यात आमच्या मेसमध्ये दर गुरुवारी रात्री भाकरी आणि पिठलं असायचं.